ट्रायथलॉनची सायकल घेताय? ब्रँड नंतर बघा, आधी साईज बघा

मागच्या महिन्यात वळसंगहून मामेभावाचा व्हॉट्सॲप आला. एका सायकलचे चार फोटो. काळी कार्बन फ्रेम, पुढे शिंगांसारखं हँडल, मागे जाड रिमचं चाक. खाली मेसेज होता, ‘ताई, सेकंडहँड आहे, दीड लाख म्हणतोय. साईज ५६. घेऊ का? दुसरं गिऱ्हाईक उभं आहे.’

भाऊ पाच फूट सहा इंच. पोहायला शिकला तो शेतातल्या विहिरीत, आणि धावतो तर रोजच. आता त्याच्या डोक्यात गोव्याची हाफ आयर्नमॅन शिरली आहे. दीड लाख म्हणजे त्याची दोन वर्षांची शिल्लक. मामांचं म्हणणं, ‘एवढ्यात मोटरसायकल येते, आणि तिला पायडल मारावं लागत नाही.’

मी त्याला एकच प्रश्न विचारला, ‘तुझा इनसीम किती?’ त्यावर त्याचं उत्तर, ‘म्हणजे पँटचा?’

हा प्रश्न आज फक्त त्याचा नाही. लहान शहरांतून आणि गावांतून या खेळाकडे वळणारी बरीच मुलं-मुली सायकलपाशी येऊन अडकतात. पोहायला विहीर असते, धावायला रस्ता असतो. सायकलला मात्र पैसे लागतात, आणि चुकीची घेतली तर ते बुडतात. म्हणून सायकल निवडायची कशी, आणि त्यातही फ्रेमची साईज इतकी महत्त्वाची का, ते नीट समजून घेऊ.

हे ट्रायथलॉन आहे तरी काय?

आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं. तिन्ही सलग, आणि घड्याळ मध्ये कुठेच थांबत नाही. ऑलिंपिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीत आला. तिथलं अंतर दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणं.

आयर्नमॅन त्याहून बरीच मोठी. १९७८ साली हवाई बेटांवर १५ जणांनी तिची सुरुवात केली, त्यातले १२ जण शेवटपर्यंत पोहोचले. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि त्यानंतर अख्खी मॅरेथॉन. याच्या निम्म्या अंतराची ती ‘७०.३’. हा आकडा मैलांचा आहे. किलोमीटरमध्ये १.९, ९० आणि २१.१, म्हणजे एकूण ११३.

मराठी घरांत हा शब्द पोहोचला तो साधारण २०१५ मध्ये, मिलिंद सोमणने पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली तेव्हा. २०१७ मध्ये आयपीएस अधिकारी कृष्ण प्रकाश यांनी फ्रान्समधली आयर्नमॅन पूर्ण केली. ऑक्टोबर २०१९ मध्ये ७०.३ स्पर्धा थेट गोव्यात, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर आली. परदेशी तिकीट आणि व्हिसा यांचा प्रश्न मिटला. २०२४ मध्ये खासदार तेजस्वी सूर्या यांनी ती ८ तास २७ मिनिटांत पूर्ण केली आणि तिची बातमी देशभर झाली. कोल्हापुरात राजाराम तलावात पोहून सुरू होणारी बर्गमन ११३ सुद्धा याच अंतराची. सोलापूरकराला दोन्ही ठिकाणं एका रात्रीच्या प्रवासावर आहेत.

आता ११३ किलोमीटरपैकी ९० किलोमीटर सायकलवर आहेत. ताशी २५ च्या सरासरीने गेलात तर ३ तास ३६ मिनिटं. ताशी ३० ने गेलात तर बरोबर ३ तास. बहुतेक हौशी खेळाडूंचा सर्वांत जास्त वेळ सीटवर जातो, आणि उतरल्यावर अजून २१ किलोमीटर धावायचं असतं.

ट्रायथलॉनची सायकल वेगळी का दिसते?

उत्तर आहे हवा. सपाट रस्त्यावर ताशी तिशीच्या वेगात तुमची बहुतेक ताकद फक्त हवा कापण्यात जाते. शिवाय वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी ताकद आठपट. पावसाळ्याच्या तोंडावर सोलापूर जिल्ह्यात समोरून वारा घेत ज्याने सायकल हाणली आहे, त्याला हे गणित मांड्यांनी शिकवलेलं असतं.

रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत खेळाडू एकमेकांच्या मागे लपून हवा चुकवतात. आयर्नमॅनच्या स्पर्धांत हौशी खेळाडूंना पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर ठेवावं लागतं, नाहीतर दंडाचा वेळ भरावा लागतो. म्हणजे ९० किलोमीटर हवेशी एकट्याने झुंजायचं. म्हणून या सायकलला पुढे एरोबार असतात. कोपर गादीवर टेकवायचे, हात पुढे जोडायचे आणि पाठ आडवी ठेवायची.

पण पाठ आडवी केली की गुडघे पोटाला लागतात, मांडी आणि पोट यांच्यातला कोन मिटतो. त्यावर उपाय म्हणून सीट पुढे सरकवली जाते. साध्या रोडबाईकची सीटची नळी जमिनीशी साधारण ७२ ते ७४ अंशांचा कोन करते, ट्रायथलॉनच्या सायकलची ७६ ते ८० अंशांचा. अख्खा माणूस पायडलच्या धुरीभोवती पुढे फिरवल्यासारखा. ही कल्पना १९८९ मध्ये अमेरिकेत डॅन एम्पफील्ड यांनी ‘क्विंटाना रू’ या कंपनीच्या सायकलीत पहिल्यांदा बाजारात आणली.

त्याच वर्षी या हँडलची ताकद साऱ्या जगाला दिसली. टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस, २४.५ किलोमीटरची एकट्याने घड्याळाशी लढायची शर्यत. लॉरें फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता. ग्रेग लेमाँडने ट्रायथलॉनवाले आधीपासून वापरत असलेले एरोबार लावले, फिन्योंने साधंच हँडल ठेवलं. लेमाँडने त्या दिवशी ५८ सेकंद काढले आणि तीन आठवड्यांची शर्यत ८ सेकंदांनी जिंकली.

मग महागडी एरो फ्रेमच घ्यायची ना?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. हवा जास्त कोण अडवतं, सायकल की माणूस? माणूस. एकूण अडथळ्याचा साधारण तीन चतुर्थांश भाग सायकलस्वाराच्या शरीराचा असतो. फ्रेम, चाकं, केबल, बाटल्या हे सगळं मिळून उरलेला भाग.

म्हणजे एरो फ्रेमचा खरा उपयोग तुम्हाला आडवं धरून ठेवणं हा आहे. तीन तास आडवं राहता आलं, तर फायदा. फ्रेम मोठी असेल तर हात ताणले जातात, खांदे कानाला लागतात, तुम्ही सीटच्या टोकावर घसरत राहता. विसाव्या किलोमीटरला मान धरते, चाळिसाव्याला कंबर. मग तुम्ही उठून बसता आणि बाजूची हँडलं धरून उरलेलं अंतर काढता. त्या क्षणी तुमची दीड लाखाची एरो सायकल शेजारच्या चाळीस हजारांच्या, पण मापाच्या सायकलपेक्षा हळू झालेली असते. वर आखडलेली कंबर घेऊन २१ किलोमीटर धावायचे बाकी असतात.

साईज ५६ म्हणजे नेमकं काय?

पूर्वी हा आकडा सरळ होता. सीटच्या उभ्या नळीची लांबी सेंटिमीटरमध्ये. आता फ्रेमचे आकार बदलले, नळ्या तिरक्या झाल्या, त्यामुळे ५४ किंवा ५६ हा कंपनीने चिकटवलेला नुसता शिक्का उरला आहे. एका कंपनीची ५४ दुसरीच्या ५२ इतकी निघू शकते. शर्टाचं जसं असतं तसंच. एका ब्रँडचा ‘एम’ अंगावर बसतो, दुसऱ्याचा बगलेत अडकतो.

म्हणून दोन मापं विचारायची, स्टॅक आणि रीच.

पायडल ज्या धुरीभोवती फिरतात तिचा मध्य पकडा. तिथून हँडलच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची सरळ उभी उंची म्हणजे स्टॅक. त्याच मध्यापासून त्याच टोकापर्यंतचं सरळ आडवं अंतर म्हणजे रीच. स्टॅक सांगतो की पुढची बाजू किती उंच आहे, रीच सांगतो की ती किती लांब आहे. ही दोन मापं कुठल्याही दोन सायकलींची थेट तुलना करू देतात, मग शिक्क्यावर काहीही लिहिलेलं असो.

समजा दोन्ही सायकलींवर ५४ लिहिलंय. पहिलीचा स्टॅक ५५५ मिलिमीटर आणि रीच ३८०, दुसरीचा ५२५ आणि ३९५. दुसरीवर तुमचे हात तीन सेंटिमीटर खाली आणि दीड सेंटिमीटर पुढे जाणार. कागदावर हे किरकोळ वाटतं, तिसऱ्या तासाला वाटत नाही. ही मापं कंपन्यांच्या संकेतस्थळावर जॉमेट्रीच्या तक्त्यात असतात. विकणाऱ्याकडून मॉडेलचं नाव आणि साल घ्या, तक्ता स्वतः शोधा.

ट्रायथलॉनच्या सायकलीत आणखी एक गोष्ट बघायची. कोपर टेकतात त्या गाद्यांची उंची आणि अंतर किती बदलता येतं? काही मॉडेलमध्ये गादीखाली चकत्या घालून बरंच वर-खाली करता येतं, काहींमध्ये जवळपास काहीच हलत नाही.

घरच्या घरी माप कसं घ्यायचं?

लागतं काय? एक भिंत, एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, शिंप्याचा टेप आणि मदतीला एक माणूस.

१. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, दोन पायांत वीतभर अंतर ठेवा.

२. पुस्तकाची एक कड भिंतीला लावून ते दोन पायांमध्ये वर सरकवा, सीटवर बसल्यावर जाणवतो तेवढा दाब येईपर्यंत.

३. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. हा तुमचा इनसीम. पँटच्या मापापेक्षा हा जास्त येतो. तीनदा मोजा आणि सरासरी काढा.

माझ्या भावाचा आला ७८ सेंटिमीटर. आता दोन जुनी, सोपी गणितं. इनसीमला ०.८८३ ने गुणलं की पायडलच्या धुरीपासून सीटच्या माथ्यापर्यंतची अंदाजे उंची येते. ७८ गुणिले ०.८८३, म्हणजे जवळपास ६९ सेंटिमीटर. हे सूत्र लेमाँडच्या नावाने ओळखलं जातं, ज्याने ती ८ सेकंदं जिंकली तोच. दुसरं, इनसीमला ०.६७ ने गुणलं की पारंपरिक रोडबाईकची अंदाजे साईज येते. ७८ गुणिले ०.६७, म्हणजे ५२.

आणि समोरची सायकल होती ५६.

ही सूत्रं म्हणजे सुरुवात आहे, शेवटचा शब्द नाही. दोन माणसांची उंची सारखी असली तरी एकाचे पाय लांब असतात आणि दुसऱ्याचं धड. पाय लांब आणि धड आखूड असेल तर कमी रीच आणि जास्त स्टॅक बघायचा. धड लांब असेल तर उलट. पण चार सेंटिमीटरचा फरक कुठल्याही सूत्राच्या चुकीत बसत नाही.

दोन साईजच्या मधोमध असाल तर? शक्यतो लहान घ्या. लहान फ्रेमवर सीट वर करता येते, स्टेम थोडा लांब लावता येतो, हँडलखाली चकत्या घालता येतात. मोठी फ्रेम कापून लहान करता येत नाही.

मुलींना आणि कमी उंचीच्या मुलांना ही अडचण जास्त येते. सेकंडहँड बाजारात ५४ आणि ५६ चा भरणा असतो, ४७-४८ शोधावी लागते. ‘सीट खाली करून देतो’ या वाक्याला भुलू नका. सीट खाली केल्याने पाय पोहोचतील, हात नाहीत. शिवाय मोठ्या सायकलीवर क्रँकही लांब असतो, बऱ्याचदा १७२.५ मिलिमीटर. लहान पायांना १६५ चा क्रँक बरा पडतो, आडवं झाल्यावर गुडघा छातीकडे कमी येतो.

जीएसटी कमी झाला, मग सायकली स्वस्त झाल्या का?

झाल्या, पण सगळ्या सारख्या नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे कराआधी १ लाखाची सायकल १ लाख १२ हजारांऐवजी १ लाख ५ हजारांना मिळायला हवी. ७ हजारांचा फरक. यात हेल्मेट आणि चांगले टायर बसू शकतात.

मात्र ट्रायथलॉनच्या बहुतेक सायकली बाहेरून येतात आणि तयार सायकलवरचं सीमाशुल्क २०२३ च्या अर्थसंकल्पात ३० वरून ३५ टक्के केलं गेलं होतं. आयातीच्या वेळी जीएसटी या शुल्कासह झालेल्या किमतीवर लागतो. त्यामुळे जी सायकल परदेशी संकेतस्थळावर आवाक्यात वाटते, ती इथे येईपर्यंत हाताबाहेर जाते. म्हणूनच सेकंडहँड बाजार तेजीत असतो, आणि ‘साईज थोडी मोठी आहे, पण भाव बघा’ हे वाक्य तिथेच ऐकू येतं.

वळसंगच्या रस्त्यावर कुठली सायकल चालेल?

सायकल शर्यतीत एक दिवस चालते, सरावात रोज. वळसंग सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर, साधारण मध्यावर आहे. तिथून अक्कलकोटला जाऊन परत आलं की साधारण ४० किलोमीटर होतात, म्हणजे ऑलिंपिक अंतराचा सायकलचा टप्पा. रस्ता बराचसा सपाट, आडवं राहण्याच्या सरावाला चांगला. पण गुरुवारी आणि पौर्णिमेला स्वामींच्या दर्शनाला पायी जाणारे भाविक असतात, उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. एरोबारवर असताना हात ब्रेकपासून लांब असतात. गर्दीत आडवं व्हायचं नाही, हा नियम सायकल घेण्याआधीच ठरवून टाका.

दुसरी गोष्ट काट्यांची. रस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ असेल तिथे बारीक टायर टिकत नाही. २८ मिलिमीटरचा टायर खडबडीत रस्त्यावर आरामही देतो आणि पंक्चरही कमी होतो. जुन्या ट्रायथलॉन फ्रेममध्ये मात्र बऱ्याचदा २३ किंवा फार तर २५ चाच टायर बसतो. स्वस्तात मिळणारी सहा-आठ वर्षं जुनी फ्रेम घेण्याआधी हे विचारा.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. नव्या एरो सायकलींत केबल फ्रेमच्या पोटातून जातात, ब्रेक तेलावर चालतात, हँडल आणि स्टेम एकजीव असतात. गावातला मिस्त्री कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे त्याची हत्यारं असतीलच असं नाही. साधी केबल, बाहेरून दिसणारे ब्रेक आणि वेगळा स्टेम असलेली सायकल तो दहा मिनिटांत सरळ करतो.

सेकंडहँड घेताना काय तपासायचं?

साईज बसत असेल तरच पुढचं. मूळ बिल मागा आणि फ्रेमखालचा नंबर त्याच्याशी जुळवा. कार्बन असेल तर उजेडात प्रत्येक नळी बघा. रंगाला तडा आहे तिथे नाण्याने हलकं टकटक करा. आवाज अचानक बद्द झाला तर आत काहीतरी तुटलेलं असू शकतं. सीटची नळी काढून दाखवायला सांगा, घामाने ती आत अडकून बसते. आणि किमान अर्धा तास चालवा, त्यातली वीस मिनिटं एरोबारवर. विकणारा नाही म्हणत असेल तर तुम्हीही नाही म्हणा.

मग घ्यायचं काय?

पहिली स्पर्धा असेल तर मापाची ॲल्युमिनियमची रोडबाईक, आणि तिला वरून लावायचे एरोबार. एरोबार काही हजारांत येतात. ते लावल्यावर सीट थोडी पुढे आणि किंचित वर घ्यायची, कारण रोडबाईकचा रीच आडवं होण्यासाठी थोडा लांबच पडतो. उरलेल्या पैशांतून पुण्यासारख्या शहरात एकदा जाणकाराकडून फिटिंग करून घ्या. तिथे तुमच्या गुडघ्याचा, पाठीचा, कोपराचा कोन मोजून सायकल लावून देतात. गोव्यासारख्या स्पर्धेत ही सायकल चालते. पुढे एखाद्या शर्यतीत एकमेकांच्या मागे सायकल चालवायला परवानगी असेल, तर तिथे उलट रोडबाईकच लागते, ट्रायथलॉनची सायकल चालत नाही. तिथे एरोबार काढून ठेवा.

एक-दोन स्पर्धा झाल्यावर, रोडबाईकवर दोन-तीन तास आडवं राहणं अंगवळणी पडल्यावर, मग ट्रायथलॉनची सायकल बघा. तोवर तुमचे स्वतःचे आकडे तुम्हाला पाठ झालेले असतील. सीटची उंची, गादीची उंची, कोपरापर्यंतचं अंतर. ते घेऊन बाजारात गेलात की कोणी तुम्हाला ५६ गळ्यात मारू शकत नाही.

भावाने ती सायकल घेतली नाही. दोन दिवस नाराज होता, ‘दुसऱ्याने उचलली’ म्हणाला. नंतर त्याने ५२ ची एक साधी रोडबाईक घेतली आणि शिल्लक अर्ध्याहून जास्त वाचली. परवा पहाटे अक्कलकोटपर्यंत जाऊन आल्यावर त्याचा मेसेज आला, ‘ताई, कंबर दुखली नाही. पंक्चर मात्र एक झालं.’

मामांनी खाली एवढंच लिहिलं होतं, ‘मोटरसायकलचंही होतं.’